भेट म्हणून दिले...

फ्लॅटची धावपळ चालू होती.

घर घेताना बँक पूर्ण किंमत कधीच देत नाही. कर्जाच्या रकमेनुसार १० ते २५ टक्के तरी स्वतःचे टाकावे लागतात. पुण्यात माझ्या वयाच्या किती जणांकडे ते खरंच स्वतःचे असतात? आमच्या टीममध्ये विचारलं तर निम्म्या लोकांचं उत्तर एकच, "बाबांनी दिले." माझेही दादांनीच दिले. धर्मापुरीची दोन एकर विकून अठरा लाख.

बँकेने दादांकडून पत्र मागितलं. ही रक्कम भेट आहे, परत घ्यायची नाही, फ्लॅटवर माझा हक्क नाही, असं लिहून हवं. दादा म्हणाले, "पोराला दिलेल्या पैशाची बी चिठ्ठी लागती का रं?" त्यांना समजावलं. बँकेला बघायचं असतं की हे पैसे उसने नाहीत ना, नाहीतर हप्ता फेडायची ऐपत कमी धरावी लागते. कराचीही भानगड नाही. मित्रांकडून वर्षात पन्नास हजारांपेक्षा जास्त आले तर सगळी रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. आईवडील, भाऊबहीण, काका-मामा यांच्याकडून कितीही आले तरी घेणाऱ्याला कर नाही. गिफ्ट टॅक्सचा वेगळा कायदा होता, तोही १९९८ मध्ये बंद झाला. फक्त पैसे खात्यातून खात्यात यावेत, रोखीत नकोत.

दादांनी सही केली. पत्र स्कॅन करताना ते नीट वाचलं आणि अडकलो. देणाऱ्याचं नाव एकच होतं.

जमीन पणजोबांपासून चालत आलेली, वाटणी न झालेली. आई गेल्यावर आम्ही तिघं, दादा, ताई आणि मी. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि अशा जमिनीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलं. म्हणून तर घेणाऱ्याने ताईची सही मागितली होती. ती लातूरहून सकाळच्या एसटीने आली, जिथं सांगितलं तिथं सही केली, केदारेश्वराचं दर्शन घेतलं आणि साडी घेऊन संध्याकाळी परत गेली. कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

साधा भागाकार आहे. अठराचे तीन भाग, प्रत्येकी सहा. दादांचे सहा ते मला देऊ शकतात. माझे सहा माझेच. उरलेले सहा दादांचे नव्हतेच, मग ते भेट कसे देणार? एवढा बग कोडमध्ये असता तर मी रिव्ह्यूमध्येच पकडला असता!

"तिच्या लग्नात खर्च केला की" हे उत्तर मलाही पाठ आहे. पण खर्च माझ्याही शिक्षणावर झालाय, तो कुणी माझ्या हिश्शातून वजा केला नाही.

जुन्या काळी देवळाला जमीन दान दिली की दगडावर कोरून ठेवायचे, कुणी दिली ते. आमच्याकडे बहिणी हक्क सोडतात आणि दान भावाच्या बापाच्या नावावर चढतं.

रविवारी ताईला फोन केला. आधी हसली. "भावाकडून हिशोब घेऊ का आता?" मी म्हटलं, तू द्यायचे ठरवले असतेस तर घेतले असते. पण तुला कुणी विचारलंच नाही. एकदम सहा लाख जमणार नाहीत, हप्त्याने देतो.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "दे. पण माझ्या खात्यात टाक. घरच्या नको."

तिचं स्वतःचं खातं आहे, हेही मला त्या दिवशी कळलं.

पहिले पंचवीस हजार पाठवले. शेरा लिहायच्या रकान्यात सवयीने 'भेट' टाईप केलं होतं. खोडून 'हिस्सा' लिहिलं.

असो. पुढच्या शनिवारी भेटू.