मृत्यूची अडचण

कवितेत मृत्यूला माणूस करायचा तर आधी त्याला एखादी अडचण द्यावी लागते, असं माझं मत लिहिता लिहिता होत गेलं. रेडा, पाश, काळाकभिन्न देह हे नाटक कंपनीचं सामान झालं. त्याने पात्र उभं राहत नाही. कठोपनिषदातला यम पाहा. तो घरी नसताना नचिकेता दारात तीन रात्री उपाशी राहतो, आणि परतल्यावर यम ओशाळून त्याला तीन वर देऊन बसतो. पाहुणा उपाशी राहिल्याची टोचणी लागलेला मृत्यू! त्याच्याशी गप्पा मारता येतात, वाद घालता येतो. सावित्रीने तर त्याला वादात हरवलंच.

मी राहते ते दिल्लीतलं सरोजिनी नगर एका कवयित्रीच्या नावाचं आहे, हे इथे स्वस्तातले कपडे उपसणाऱ्या गर्दीच्या गावीही नसतं. सरोजिनी नायडूंचा ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ हा संग्रह 1905 साली लंडनमध्ये निघाला, तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. त्यात मृत्यूला उद्देशून एक कविता आहे: जगण्याच्या सगळ्या भुका भागू देत, तोवर थांब. वसुलीला आलेल्या माणसाला ‘पुढच्या महिन्यात या’ सांगावं, तशी ही विनवणी. गोड आहे, पण मला ती अपुरी वाटते, कारण समोरचा नुसता उभा आहे. त्याचं काहीच अडलेलं नाही. (तो थांबला मात्र बराच. 2 मार्च 1949 रोजी लखनौत, राज्यपालपदावर असताना त्या गेल्या.)

ग्वाल्हेरच्या भा. रा. तांब्यांनी हा पेच फार देखणा सोडवला. त्यांची नववधूची कविता मृत्यूची म्हणून वाचली जाते. तिथे मृत्यू प्रियकर आहे, आणि अडचण त्याची नाही, नवरीची आहे. ओढ त्याचीच, तरी पाऊल उचलत नाही. माहेर सुटण्याचं भय आपल्याकडे इतकं ओळखीचं आहे की कवीला मृत्यूचं वर्णन करावंच लागत नाही. नवरा कसा दिसतो हे न सांगता कविता पुरी होते. ही युक्ती मी अनेकदा वापरायला घेते आणि दरवेळी जाणवतं, की तिच्यासाठी मरण घरातलं, वेळेवर आलेलं असावं लागतं.

मर्ढेकरांनी हे सगळं आतिथ्य मोडीत काढलं. 1947 च्या ‘काही कविता’मध्ये पिपात मेलेले उंदीर आहेत, त्यांना न्यायला कुणी येत नाही. आकाशवाणीच्या नोकरीत असलेले मर्ढेकर 20 मार्च 1956 रोजी याच दिल्लीत गेले. त्यांची ती कविता मला पूर्वी कोरडी वाटे. इथल्या बाजारात वावरल्यावर तिची गरज कळली.

29 ऑक्टोबर 2005, शनिवार. दिवाळी तीन दिवसांवर. संध्याकाळी पहाडगंजात, मग सरोजिनी नगरच्या बाजारात आणि गोविंदपुरीत बसमध्ये स्फोट झाले. तिन्ही मिळून 60 हून अधिक माणसं गेली. पहाडगंज म्हणजे बृहन्महाराष्ट्र भवनाचा, नूतन मराठी शाळेचा परिसर. दिल्लीतल्या मराठी घरांना पहाडगंज आणि इथला बाजार, दोन्हीकडची काळजी. अशा बातमीसाठी मराठी वर्तमानपत्रांकडे एक मथळा तयारच असतो: काळाचा घाला. तो वाचला की मी अडते. घाला काळाने घातला असेल, तर पिशवी कुणी ठेवली? ‘मरण आलं’ असं लिहिताच ती ठेवणारा हात ओळीतून निसटतो. म्हणून त्या संध्याकाळची कविता लिहिताना मी मृत्यूला चेहरा देत नाही. तिथे फळांच्या रसाची गाडी, दिव्यांच्या माळा, भावाची घासाघीस आणि ठेवलेली पिशवी, एवढंच येतं. त्याने कविता कमी काव्यात्म होते, असं एका ज्येष्ठ स्नेह्यांनी ऐकवलं. होईना का.

याला जुना आधारही आहे. प्रचलित द्रोणपर्वात अभिमन्यू पडल्यावर व्यास युधिष्ठिराला मृत्यूच्या जन्माची कथा ऐकवतात. तिथे मृत्यू ही स्त्री आहे. ब्रह्मदेव तिला संहार करायला सांगतो. ती रडते, नकार देते, तप करत राहते. अखेर तिचे अश्रूच रोग होऊन माणसांना मारतात, आणि तिला दोष लागत नाही. मृत्यूला दिलेली इतकी मोठी अडचण मी दुसरीकडे वाचलेली नाही. पण ही कथा युधिष्ठिरासाठी, ज्याने स्वतः पोराला चक्रव्यूहात धाडलं होतं. त्याला ती हवीच होती. अर्जुन संध्याकाळी छावणीत परततो तेव्हा तो मृत्यू कुठून जन्मला हे विचारत नाही. पोराला कसं मारलं, वाट कुणी अडवली, हे विचारतो, आणि त्याला जयद्रथाचं नाव मिळतं.