लिझा ब्रिचकिना आणि तिची राहिलेली शाळा

लढाईच्या कादंबऱ्या मी सहसा हाती धरीत नाही. पण बोरीस वासिल्येव या रशियन लेखकाची एक लहानशी कादंबरी वाचली, आणि तिच्यातल्या पोरी काही केल्या मनातून जाईनात. ‘इथली पहाट शांत असते’ असा तिच्या नावाचा अर्थ. १९६९ साली ती प्रसिद्ध झाली, १९७२ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. वासिल्येव स्वतः १९४१ साली कोवळ्या वयात आघाडीवर गेलेले, म्हणून ऐकीव असे तिच्यात काही वाटत नाही.

गोष्ट १९४२ च्या मे महिन्यातली. विमानांवर तोफा डागणाऱ्या मुलींच्या तुकडीवर वास्कोव्ह नावाचा हवालदार नेमलेला. चार यत्ता शिकलेला, बत्तीस वर्षांचा गावाकडचा गडी. दोन जर्मन जंगलात शिरले म्हणून पाच मुलींना घेऊन तो निघतो. निघतात सोळा.

ते दिसले कोणाला? रीताला. ही लढाईतच विधवा झालेली. जवळच्या गावी आजीपाशी ठेवलेल्या लेकराला ती रात्री चोरून साखर, बिस्किटे नेऊन देई, आणि पहाटे परतताना तिला शत्रू दिसला. नियम मोडणाऱ्या आईमुळेच सगळ्यांना कळले, हे मला फार आवडले.

पण जीव गुंतला तो लिझात. जंगलराखणदाराची ही पोर. आई अंथरुणाला खिळलेली; तिला भरवणे, धुणे-पुसणे, घर, गुरे, सगळे हिच्या अंगावर. असे पाच वर्षे. घरी आलेला एक पाहुणा तिला सांगतो, ऑगस्टमध्ये ये, वसतिगृह असलेल्या शाळेत घालतो. तेवढ्यात लढाई सुरू होते आणि पोर खंदक खणायला जाते. पुढे मदत आणायला म्हणून तिलाच एकटीला पाठवतात. घाईत दलदलीत पाऊल चुकते. सासूबाईंना मी हे वाचून दाखवले, तर त्या एवढेच म्हणाल्या, “आईचं दुखणं काढलं, अन् हिच्या वाट्याला चिखल?”

एका ठिकाणी मात्र माझे लेखकाशी जमले नाही. सोन्या मरते तेव्हा वास्कोव्हला वाटते, हिची मुले-नातवंडे झाली असती, तो धागा तुटला. तो भला माणूस, त्याचे दुःख खरे. पण सोन्या विद्यापीठात शिकणारी, कविता वाचणारी. मूल झाले नसते तरी तिचे जाणे तेवढेच मोठे नव्हते का? आपल्याकडेही बाईचे मोल करताना लोक आधी कूस पाहतात, म्हणून हे टोचले.

पाचांतली एकही परतत नाही. जखमी वास्कोव्ह उरलेल्या जर्मनांना पकडून आणतो. पुष्कळ वर्षांनी रीताचा मुलगा अधिकारी होऊन तिथे येतो, सोबत एक हात गमावलेला म्हातारा वास्कोव्ह, आणि दोघे संगमरवरी फरशी बसवायला आईची जागा शोधतात. ती सापडते. लिझाला दलदलीने परतच दिलेले नाही.