ओपांची गाडी आणि आमचे प्रवचन

धर्मगुरूने मोटारगाडीविषयी लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यातही ती गाडी साऱ्या कुटुंबाच्या सोयीची नसून दोन दरवाजांची, वेगासाठी घडवलेली आणि तीस वर्षांची जुनी असेल, तर तो प्रश्न अधिकच रास्त ठरेल. परंतु अशाच एका जुन्या गाडीने आम्हाला आमच्या प्रवचनातील चूक दाखवून दिली. ती चूक कबूल करण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

२०१५ साली बिशपमहोदयांच्या अनुमतीने आम्ही जर्मनीतील ओस्नाब्रुक धर्मप्रांतात पाळकीय सेवेसाठी गेलो. ख्रिस्तसभेच्या इतिहासात या नगरीचे नाव मोठे आहे. युरोप तीस वर्षे होरपळून काढणारे युद्ध ज्या तहांनी १६४८ साली संपले, ते तह येथे आणि जवळच्या म्युन्स्टर शहरात झाले. त्यानंतर येथील गादीवर आळीपाळीने एक कॅथलिक व एक प्रोटेस्टंट राज्यकर्ता बसावा, अशी अजब तडजोडही ठरली. मोटारींच्या शौकिनांना मात्र हे शहर निराळ्या कारणाने ठाऊक आहे. १९०१ साली विल्हेल्म कारमान यांनी घोडागाड्या बनवणारा येथील एक जुना कारखाना विकत घेतला. पुढे त्याच कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. १९५५ साली आलेली ‘कारमान घिया’ ही देखणी गाडी येथलीच.

अशा गाडीला ‘कूपे’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘कापलेली’. घोडागाडीच्या काळात समोरासमोर बसण्याची दोन आसने असत. त्यांतले एक काढून टाकून गाडी आखूड केली की ती कूपे झाली. मोटारीच्या युगात हे नाव दोन दरवाजांच्या, मागे उतरत्या छपराच्या गाडीला मिळाले. पुढे दोघांनी ऐसपैस बसावे आणि मागे तिसऱ्या-चौथ्याने अंग चोरून बसावे, अशी तिची रचना.

आमच्या धर्मग्रामात वेदीची व्यवस्था पाहणारे एक वृद्ध गृहस्थ होते. सारा गाव त्यांना ‘ओपा’ म्हणजे आजोबा म्हणे. त्यांच्या पत्नी अर्थातच ‘ओमा’. ओपांचा सारा जन्म कारमानच्या कारखान्यात गाड्यांचे सांगाडे जोडण्यात गेला होता. १९८८ ते १९९५ या काळात तेथे फोक्सवॅगनसाठी ‘कोराडो’ नावाची कूपे बनत असे. सत्त्याण्णव हजारांहून थोड्या अधिक गाड्या निघाल्या आणि तिचे उत्पादन थांबले. ओपांचे हात रोज या गाडीला लागत. परंतु पदरी तीन मुले असताना दोन दरवाजांची गाडी घेणे त्यांना परवडणारे नव्हते आणि सोयीचेही नव्हते. निवृत्तीनंतर, २००८ साली, त्यांनी १९८९ ची एक कोराडो विकत घेतली. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती. म्हणजे नवी नव्हे आणि ऐतिहासिकही नव्हे, नुसतीच जुनी. अशा मधल्या वयाच्या गाडीला जर्मन लोक ‘यंगटायमर’ म्हणतात. तीस वर्षे पूर्ण झाली की ती ‘ओल्डटायमर’ होते. त्या मधल्या दहा वर्षांत बहुतेक गाड्या भंगारात जातात. उद्या कोणती गाडी मोलाची ठरेल हे आज ओळखून ती घेणे आणि तिला त्या वयापर्यंत सुखरूप पोहोचवणे, हा तिकडे एक मोठा छंद आहे, आणि काहींच्या दृष्टीने गुंतवणूकही.

ओपांचा शनिवार त्या गॅरेजमध्ये जाई. आम्ही वसईच्या कष्टकरी घरात वाढलेलो. एका गाडीवर एवढा वेळ आणि पैसा खर्च व्हावा, हे आमच्या मनाला पटत नव्हते. २०१६ च्या जुलै महिन्यातील शेवटच्या रविवारी शुभवर्तमानात धनवान शेतकऱ्याचा दाखला होता. पीक उदंड आले म्हणून कोठारे पाडून मोठी कोठारे बांधू पाहणारा तो माणूस. प्रवचनात आमची जीभ सैल सुटली. आजची कोठारे लाकडाची नसतात, त्यांना लोखंडी शटर असते आणि आत पत्र्याचे दैवत झाकून ठेवलेले असते, असे आम्ही म्हणालो. आमचे जर्मन मोडकेतोडके होते, परंतु हे वाक्य दुर्दैवाने स्पष्ट उमटले. दोन-चार माना ओपांच्या दिशेने वळलेल्या आम्ही पाहिल्या.

मिस्सा संपल्यावर ओपांनी नेहमीप्रमाणे मेणबत्त्या विझवल्या, पवित्र पात्रे कपाटात ठेवली आणि म्हणाले, “फादर, संध्याकाळी घरी या. गंज म्हणजे काय ते दाखवतो.”

आम्ही संकोचतच गेलो. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी शिकाऊ मुलाला दाखवावी तशी ती गाडी आम्हाला दाखवली. ते म्हणाले, “घेताना मी रंग पाहिला नाही. पाणी कुठे साचते ते पाहिले.” छपरावरच्या सरकत्या खिडकीभोवती पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या तुंबल्या की पाणी आत उतरते आणि पायाखालच्या गालिच्याखाली मुकाट्याने साठते. म्हणून त्यांनी प्रथम गालिचा उचलून हाताने ओल चाचपली होती. मग मागच्या दाराची खालची कड, चाकांच्या वरच्या कमानी, दरवाजांखालच्या पट्ट्या. “गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसला की समजावे, आतले काम कधीच सुरू झालेले आहे.”

या गाडीच्या इंजिनाला जास्तीची हवा दाबून पुरवणारे एक यंत्र आहे. त्याच्या आतील वळण इंग्रजी ‘जी’ अक्षरासारखे असते, म्हणून त्याला ‘जी-लाडर’ म्हणतात. त्याच्या बळावर १.८ लिटरचे इंजिन १६० अश्वशक्ती देते. परंतु त्यातील सीलच्या पट्ट्या झिजतात. ते वेळीच उघडून पट्ट्या बदलल्या तर यंत्र वर्षानुवर्षे चालते. कुरकुर ऐकू येईपर्यंत थांबले तर ते स्वतः मोडते आणि इंजिनालाही धोक्यात आणते. हे ऐकताच आमच्या तोंडी पापनिवेदनाची उपमा आली. ओपा हसून म्हणाले, “फादर, हे यंत्र आहे. याचे प्रवचन करू नका.”

त्या संध्याकाळी आणि पुढील काही शनिवारी आम्ही बरेच शिकलो. इंजिन व चाकांकडील बरेच सुटे भाग त्याच कंपनीच्या गोल्फ गाडीसारखे असल्याने ते मिळतात. परंतु फक्त कोराडोसाठी बनलेली एखादी रबरी पट्टी किंवा आतील प्लॅस्टिकचा तुकडा हरवला की महिनोन्महिने शोध. गाडीचा वेग ताशी १२० किलोमीटरवर गेला की मागची पंखासारखी पट्टी आपोआप वर उठते. ती अडकली तर तिची मोटार खोलायची. या गाड्या स्वस्त झाल्या तेव्हा तरुणांनी त्या हौसेने जमिनीलगत बसवल्या, त्यांची चाके आणि आसने बदलली. त्यामुळे कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी दुर्मीळ झाली. ओपांनी घेतलेली गाडी दिसायला निस्तेज होती, पण कोणी तिला छेडलेले नव्हते. आणि तिच्यासोबत पहिल्या दिवसापासूनच्या नोंदींचे पुस्तक होते.

सर्वांत नवल वाटले ते याचे, की ओपा ती गाडी नुसती झाकून ठेवत नसत. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फासाठी मीठ टाकतात, त्या काळात ती आत राही. एरवी दर आठवड्याला ती बाहेर निघे. उभ्या गाडीचे टायर एका बाजूला चपटे होतात, बॅटरी उतरते, रबर सुकते, टाकीतले पेट्रोल शिळे होते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे लागते. गॅरेजमध्ये पाच मिनिटे इंजिन चालवून बंद करणे तर अधिकच वाईट. इंजिन पुरते तापत नाही आणि आत धरलेले पाणी आतच राहते. “चालवायची तर नीट गरम होईपर्यंत चालवायची,” हे त्यांचे ठरलेले वाक्य.

आणि शेजारच्या आसनावर असत ओमा. त्यांची स्मृती हळूहळू क्षीण होत चालली होती. घरात त्या अस्वस्थ होऊन येरझारा घालीत. गाडीत बसल्या की शांत राहत. दर बुधवारी कालव्याच्या कडेने तासभर फेरी आणि परत. आम्ही ज्याला कोठार म्हटले होते, त्याचा उपयोग हा होता. हे ओपांनी आम्हाला सांगितले नाही. एका बुधवारी रस्त्यात ती दोघे दिसली, तेव्हा आमचे आम्हाला कळले. प्रवचनाबद्दल आम्ही त्यांची क्षमा मागितली. “दाखला खराच आहे,” एवढेच ते म्हणाले.

२०१९ च्या वसंत ऋतूत गाडीला तीस वर्षे पूर्ण झाली. जर्मनीत १९९७ पासून अशा गाड्यांना वेगळी नोंदणी मिळते. क्रमांकाच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर येते. तज्ज्ञ गाडी तपासतो. ती मूळ रूपात आहे आणि चांगल्या स्थितीत जपलेली आहे, असे त्याने लिहून दिले तरच ते अक्षर मिळते. मग इंजिन कोणतेही असो, वर्षाला १९१ युरो ७३ सेंट एवढा ठरावीक कर. ओपांना ते अक्षर मिळाले. त्या रविवारी त्यांनी गाडी चर्चच्या अंगणात आणली आणि आम्ही तिला आशीर्वाद दिला. अकरा वर्षांच्या कष्टांचे ते फळ होते.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ओमांना घरी सांभाळणे अशक्य झाले. त्या बुटक्या गाडीत वाकून बसणेही त्यांना जमेना. काळजीगृहाचा खर्च मोठा होता. आठ दिवसांत ओपांनी गाडी विक्रीस काढली.

दोन ग्राहक आले. एक होता शेजारच्या गावातील तरुण मेकॅनिक, गाडीकडे डोळे भरून पाहणारा. दुसरे होते मध्यमवयीन गृहस्थ. त्यांच्याकडे अशा अनेक गाड्या होत्या आणि पुढे किंमत किती वाढेल याचा त्यांनी हिशेब केलेला होता. त्यांचा देकार बराच मोठा होता. ओपांनी आमचे मत विचारले. आम्ही तत्काळ म्हणालो, “तरुणाला द्या. तो चालवील. दुसरे नुसती साठवून ठेवतील.” आमच्या मते आम्ही ओपांचीच शिकवण त्यांना ऐकवत होतो.

ओपा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फादर, जास्तीचे पैसे माझे नाहीत. तिचे आहेत.”

त्यांनी गाडी दुसऱ्या गृहस्थांना दिली. किल्लीसोबत सर्व पावत्यांची फाईल दिली आणि महिन्यातून एकदा तरी नीट गरम होईपर्यंत चालवा, असे बजावले. त्या गृहस्थांनी मान डोलावली. ओपांनी गॅरेजचे शटर ओढले आणि ओमांना भेटायला ते बस पकडून गेले.

आम्ही दोनदा चुकलो होतो. पहिल्यांदा त्यांचे प्रेम पाहून आम्हाला ती आसक्ती वाटली. दुसऱ्यांदा त्या प्रेमाचे आम्हाला एवढे कौतुक वाटू लागले की, ओपा गाडीला कवटाळून बसणार नाहीत, हे आमच्या ध्यानीच आले नाही. कोठाराचा धनी आणि विश्वासू कारभारी बाहेरून सारखेच दिसतात. दोघेही वस्तूची राखण करतात. त्यांच्यातील फरक कळतो तो वस्तू हातची सोडण्याची वेळ आल्यावर.

आता मायदेशी परतल्यावर कधीकधी एखादा धर्मग्रामस्थ आजोबांची जुनी फियाट अंगणात दाखवून विचारतो, “फादर, हिचे काय करावे?” आम्ही सांगतो की, २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपातील गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,००० रुपये. रोजच्या वापरास मात्र मनाई. त्याहून लहान वयाच्या गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आपला खारा वारा आणि पावसाळा हे जर्मनीतील मिठासारखेच वैरी आहेत. ताडपत्री घट्ट आवळून बांधली तर ओल आत कोंडते; छप्पर हवे, पण वाराही खेळता हवा. आणि आधी गालिचा उचलून पाहावा.

धनवान शेतकऱ्याचा तो दाखला २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा रविवारच्या वाचनात आला. प्रवचनाच्या तयारीला बसलो तेव्हा आमचे लक्ष आमच्याच खोलीतील कपाटाकडे गेले. सेमिनरीपासून जमवलेली पुस्तके. कुणी मागितली तर ‘पाहू पुढे’ म्हणून टाळलेली, आणि वर्षानुवर्षे न उघडलेली. काही पुस्तकांना वाळवी लागली होती. तिनेही आपले काम आतूनच केले होते. त्या रविवारी आम्ही कोणाच्या गॅरेजविषयी बोललो नाही. कपाटाविषयी बोललो, आणि मिस्सानंतर त्याची किल्ली युवकांच्या हाती दिली.