तंबोऱ्याला काय लावावं?

अक्काच्या तंबोऱ्याचं काय झालं, असं तिघाचौघांनी फोनवर विचारलं. म्हणून सगळ्यांसाठी इथेच लिहितो.

तंबोरा मिरजेचा, आमच्या वडिलांनी घेतलेला. मिरजेत फरीदसाहेब सतारमेकरांपासून सुरू झालेलं हे काम त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे मात्र पंढरपूरकडचे. वाळलेला भोपळा दिसतो दणकट, पण असतो अंड्याच्या कवचासारखा! मांजरानं कोपऱ्यातला तंबोरा पाडला आणि गळ्याजवळ भोपळ्याची एक कपची उडाली. कडांचा चुरा झाल्यामुळे तुकडा परत बसवला तरी दोन-तीन मिलिमीटरची फट राहत होती.

अक्का आता ८४ वर्षांची आहे. मिरजेपर्यंतचा प्रवास तिला झेपणार नाही आणि तंबोरा एकटा पाठवायला ती तयार नाही. इलेक्ट्रॉनिक पेटी आणून दिली होती, पण "त्यात जीव नाही रे" म्हणून तिनं ती कपाटात ठेवून दिली.

भाच्याचं म्हणणं, "मामा, सगळं एपॉक्सीनं चिकटवून टाका, शंभर वर्षं सुटणार नाही." मला नेमकी त्याचीच भीती वाटली. जुने कारागीर सरस वापरायचे. (शब्द बघा, चिकटवायचाही सरस आणि चांगलाही सरस!) जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा सरस उष्णता आणि ओलावा मिळाला की सुटतो. म्हणूनच पन्नास वर्षांनी तबली उघडून आतलं काम करता येतं. एपॉक्सी तसं सहज सुटत नाही. तापवून नरम करता येतं, पण तेवढ्या उष्णतेनं शेजारचं पॉलिश आणि लाकूड खराब होऊ शकतं.

पण सरसाला फट भरता येत नाही. त्यातलं पाणी उडालं की तो आकसतो, म्हणून त्याला नीट घासलेला, घट्ट बसणारा सांधाच लागतो. एपॉक्सी रासायनिक क्रियेनं घट्ट होतं आणि फारसं आकसत नाही. तेव्हा ठरवलं, एपॉक्सी फक्त फुटलेल्या भोपळ्याला. तबली, दांडी यांना हात लावायचा नाही.

आता खरी गंमत. नुसतं एपॉक्सी तेलासारखं वाहतं. काही भोपळ्याच्या सच्छिद्र कडेत मुरतं, उरलेलं ओघळतं आणि सांधा कोरडाच राहतो. म्हणून आधी कडांवरचा जुना मळ, पॉलिश खरवडून काढलं. साध्या एपॉक्सीचा पातळ हात दिला, कडांना हवं तेवढं पिऊ दिलं. मग उरलेल्यात मलमलीतून चाळलेला सागाचा भुसा घालत गेलो. पहिल्यांदा श्रीखंड, मग चक्का! काडीवर घेतलं की पडायला नको, इतकं घट्ट. दोन भागांचं प्रमाण मात्र पाकिटावर लिहिलेलंच ठेवायचं. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर वाळत नाही, उलट सांधा कच्चा राहतो.

आणखी एक. फेव्हिकॉल लावल्यावर आपण करकचून दाबतो, तसं इथे करायचं नाही. सगळं बाहेर आलं तर धरायचं कशानं? सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी हलकेच गुंडाळली, बाहेर आलेलं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. हातात रबरी मोजे घातले होते, हार्डनर कातडीला बाधतो. आपल्या परभणीच्या मे महिन्यात मिश्रण वाटीत ढीग करून ठेवलं तर आपोआप तापून दगड होतं, म्हणून फरशीच्या तुकड्यावर पसरून घेतलं, तेही पहाटे. (२०२० साली अराल्डाइटचा भारतातला धंदा फेव्हिकॉलवाल्या पिडिलाइटनं घेतला, म्हणजे आता दोघं एकाच घरचे!)

दोन दिवस हात लावला नाही. मग पॉलिश पेपरनं घासलं. जोड दिसतो, तपकिरी रेघेसारखा. मी तो लपवला नाही. पुढे कुणी कारागीर बघेल त्याला कळावं की इथे काय आहे. भोपळ्याच्या आत एक चिठ्ठीही चिकटवली आहे, "कपची एपॉक्सीनं, बाकी सगळं मूळ."

परवा अक्कानं तारा चढवून घेतल्या. जवारी थोडी बिघडली आहे, ते काम माझं नव्हे, मिरजेच्या माणसाचंच. पण षड्ज लागल्यावर ती डोळे मिटून बराच वेळ बसली. नंतर म्हणाली, "खर्जाची तार जरा उतरव."