दोन वेळापत्रकांच्या फटीत

निपाणीत एप्रिलच्या दहा तारखेच्या आसपास मुलांचे निकाल लागतात आणि मेअखेरपर्यंत शाळेला कुलूप पडतं. माझी ताई गडहिंग्लजला असते. गाडीनं तासाभराचं अंतर, पण ते गाव महाराष्ट्रात. तिच्या मुलांचे पेपर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत रेंगाळतात आणि मग लागलेली सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत चालते. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून सीमेवरच्या नात्यागोत्यात अशी दोन-दोन वेळापत्रकं नांदतायत. मुंज असो की जत्रा, पहिला प्रश्न ठरलेला: "पोरांच्या शाळेचं काय?"

दोन्हीकडच्या सुट्ट्या एकत्र येतात त्या फक्त मे महिन्यात. त्याच महिन्यात पुण्या-मुंबईची माणसं गावी येतात आणि आमच्याकडची सगळी गोव्याच्या वाटेला लागतात. चोर्ल्याच्या घाटात गाडीला गाडी चिकटते. किनाऱ्यावर पोचेपर्यंत मुलं पेंगुळलेली, मोठी माणसं एकमेकांवर करवादलेली. बोटीची रांग आली की लाइफ जॅकेट चढवायचं, पंधरा मिनिटं फिरायचं आणि मागच्यांसाठी उतरायचं. त्यात पाणी बघायला सवडच मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटायचं. आमच्याकडे वेदगंगा आहे, दूधगंगा आहे, पुढं कृष्णा आहे. पण उन्हाळ्यात त्यांचं पात्र आक्रसतं. मुलांना निवांत होडीत बसवायचं तर घाट उतरणं आलंच.

माझ्या मुलाला मगर बघायची होती, तीही पिंजऱ्याबाहेरची. म्हणून कुंभारजुव्याचा कालवा ठरला. बेळगावहून अनमोडमार्गे पणजीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७४८ फोंडा सोडला की बाणस्तारीच्या पुलावरून जातो. त्या पुलाखालचं पाणी म्हणजे हा कालवा. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना आतून जोडणारा, पंधरा किलोमीटरच्या आसपास लांबीचा. आमच्या भागातल्या कितीतरी पिढ्या एसटीच्या खिडकीतून त्याला ओलांडून समुद्राकडे गेल्या. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचून मांडवीचं मुख बोटींना बंद व्हायचं, तेव्हा खनिजाचे बार्ज याच कालव्यातून मुरगावकडे जायचे. २०१६ च्या कायद्यानं त्याला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २७ असं नावही मिळालं. मगरींना त्याचं सोयरसुतक नाही. त्या गोड्या पाण्याच्या जातीच्या, पण इथल्या मचूळ पाण्यात पिढ्यान्पिढ्या सुखानं राहतात.

वेळ ठरवायला मी कालनिर्णय घेऊन बसले. आमची मुलं मोकळी आणि महाराष्ट्रातली मुलं परीक्षेत, अशी जी एप्रिलची फट आहे ती धरायची, हे पक्कं होतं. त्यातही गुड फ्रायडे ते ईस्टर गोवा भरलेला असतो, म्हणून ईस्टरचा रविवार उलटू द्यायचा. सोमवारी मंगेशीला पालखी असते, त्यामुळे फोंड्याच्या अंगाला भाविकांची वर्दळ. गुरुवारी बाणस्तारीचा आठवडी बाजार. त्याआधी उरले मंगळवार आणि बुधवार.

पण कालव्यात दिवसापेक्षा घटका महत्त्वाची. पाणी भरलेलं असताना मगर दिसत नाही. ओहोटीनं काठाचा चिखल उघडा पडला की ती वर येऊन पडते, आणि उन्हाळ्यात ऊन तापायच्या आत पुन्हा पाण्यात जाते. म्हणजे सकाळची ओहोटी हवी. कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. पहाटे तीनला पूर्ण भरती, मग सहा तासांनी, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासानं पुढं सरकते. शुद्ध असो वा वद्य, प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. बोटाच्या पेरांवर होणारं हे गणित मला इतकं आवडलं की मी ते दोन्ही मुलांकडून घोकून घेतलं. अष्टमी घेतली असती तर भरती सहाला आणि ओहोटी भर बारा वाजता, डोक्यावर सूर्य असताना. त्या वर्षी ईस्टरनंतरच्या बुधवारी सकाळी वद्य चतुर्थी होती. सगळं जुळलं.

अडचण एकच. आदल्या दिवशी, मंगळवारी, अंगारकी. सासूबाई म्हणाल्या, "मी येते की. पण चंद्र बघितल्याशिवाय तोंडात काय घालायची नाही. तेवढं मोकळं आभाळ दिसंल अशी जागा बघून सोड." मंगळवारी दुपारी निघालो. किनाऱ्याकडे न जाता फोंड्यातच मुक्काम केला. तिथं खोली सहज मिळाली आणि रात्री दहाच्या सुमारास लॉजच्या गच्चीवरून चंद्र वर आलेला दिसला. सासूबाईंनी त्याला हात जोडले आणि डब्यातल्या मोदकावर उपास सोडला.

सकाळी सातला बाणस्तारीच्या पुलाजवळ होडीत बसलो तेव्हा काठावर दुसरं कुणीच नव्हतं. होडीवाले काका साठीच्या पुढचे. त्यांनी थोडा वेळ मशीन चालवलं आणि एका वळणावर बंद करून वल्हं हातात घेतलं. दोन्ही बाजूंना खारफुटीची मुळं चिखलातून वर आलेली, त्यांच्यावर पाण्याची ओली रेघ. ती रेघ आमच्या डोळ्यांदेखत उंच होत होती, कारण पाणी खाली जात होतं. एका बाजूला तिसवाडी, दुसऱ्या बाजूला फोंडा. मधे खाजण शेतं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. बांधात लाकडी दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. भरतीचं पाणी आलं की त्याच्याच दाबानं दार मिटतं, ओहोटी लागली की शेतातलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना राखणदार. आम्ही गेलो तेव्हा एका मानशीतून पाणी खळाळत बाहेर येत होतं आणि बगळे त्या तोंडाशी मासे टिपत उभे होते. सासूबाईंचा जन्म शेतीत गेलेला. मगरीपेक्षा त्यांनी त्या दाराकडे जास्त वेळ बघितलं.

मगर मुलीला आधी दिसली. चिखलाच्याच रंगाची, तोंड उघडं टाकून पडलेली. "सुकती लागली की मानगे भायर सरतात," काका हळू आवाजात म्हणाले, "तुमी वेळार आयल्यात." मे महिन्यात एकामागून एक मशीनच्या होड्या आल्या की ती काठावर टिकत नाही, आवाजानं लांबूनच पाण्यात घुसते, असं त्यांनी सांगितलं. मला तोवर गर्दीचा त्रास माणसांपुरताच ठाऊक होता. पौष अमावास्येला या भागातले शेतकरी खाजणात मातीची मगर करून तिची पूजा करतात, हेही त्यांच्याकडूनच कळलं. बांधाची आणि शेताची राखण तिच्याकडे आहे अशी त्यांची श्रद्धा. ती मगर आम्ही पोटभर बघितली. कुणी उठा म्हणालं नाही.

गवंडाळी, कुंभारजुवे मागं टाकत आम्ही जुव्याच्या दिशेनं गेलो. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या माणसांनी याच जुवे बेटावरचा किल्ला रात्री, ओहोटीची वेळ साधून घेतला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज विजरई सैन्य घेऊन आला आणि मार खाऊन परतला. त्या धामधुमीत महाराजांचा घोडा चढत्या पाण्यात सापडला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, असं सांगतात. ही गोष्ट मी शाळेत वाचली होती. पण पाणी किती झपाट्यानं सरतं आणि भरतं हे होडीतून पाहिल्यावरच त्या रात्रीच्या निर्णयामागची नजर कळली. मुलगा पटकन म्हणाला, "म्हणजे त्यांनी पण तिथी बघितली असणार!" त्याच्या या वाक्याचा मला फार आनंद झाला.

साडेनऊला परत पुलाशी आलो. ऊन तापलं होतं, चिखलावरच्या मगरी एकेक करून पाण्यात शिरल्या होत्या.

घरी येऊन ताईला फोन केला तेव्हा तिची मुलं इतिहासाच्या पेपरचा अभ्यास करत होती. मी फोटो पाठवले. ती खूश झाली, आणि मग म्हणाली, "तुमचं झालं गं. आमच्या पोरांनी कधी बघायचं?" तिचं खरं होतं. ज्या फटीमुळं आम्हाला रिकामा कालवा मिळाला, त्याच फटीत निम्मं घर बाहेर राहिलं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिची मुलं मोकळी असतात, पण तेव्हा आमची शाळा सुरू होते आणि पाऊसही दाराशी येतो. एकत्र जायचं तर मेशिवाय महिना नाही.

मग मी फोनवरच कालनिर्णयाचं पुढचं पान उलटलं. वैशाख वद्य तृतीया-चतुर्थीला भरतीचं गणित पुन्हा तेच येतं. मे महिन्यातही आडवार धरला, मुक्काम फोंड्यात केला आणि साडेसहाला काठावर पोचलो, तर कळंगुटला उतरलेली गर्दी तेव्हा अंथरुणातच असते. होडीवाल्या काकांना फोन करून त्या दिवशीची पहिली होडी सांगून ठेवली, आणि निघताना मशीन बंद ठेवून नुसतं वल्ह्यानं न्याल का, तेही विचारलं. ते हो म्हणाले. ताईची गाडी आंबोलीमार्गे येणार, आमची अनमोडमार्गे. आदल्या रात्री फोंड्यात भेटायचं ठरलं.