पाण्याखालचं शिवार

गळ टाकायला पावसाळ्याचे दिवस चांगले असतील, पण गळ शिकायचा महिना वैशाख, असं माझं मत होत चाललंय. वैशाखात सिद्धेश्वरच्या जलाशयाचं पाणी मागे सरतं आणि एरवी झाकलेलं शिवार उघडं पडतं. पूर्णा नदीवर वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. 1999 साली हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, त्याच्या कितीतरी आधीची ही धरणं. त्यांनी जमीन पुसली नाही, नुसती झाकली. ओढ्याची घळ, बांधाचे दगड, बाभळीची खुंटं, सगळं जागच्या जागी आहे.

भरल्या तलावाचं पाणी काठावरून सगळीकडे सारखंच दिसतं. नवखा माणूस मग जमेल तितक्या लांब गळ फेकतो आणि वाट बघत बसतो. मासा मात्र त्या बुडालेल्या जमिनीच्या चढउतारांवर जगतो. दगडांवर नि खुंटांवर शेवाळ धरतं, शेवाळात किडे नि गोगलगायी वाढतात, त्यांच्यावर लहान मासे येतात आणि लहानांच्या मागे मोठे. जुन्या ओढ्याची घळ ही त्यांची जायची-यायची वाट. उथळ पाणी तापलं की ते तिच्यातून खोलात उतरतात. अगदी तळ गाठतीलच असंही नाही, कारण उन्हाळ्यात खोल पाणी वरच्या पाण्यात मिसळत नाही आणि तळाशी प्राणवायू कमी पडतो.

कुठल्या थरात कोण, हे माशाच्या तोंडावरून ओळखावं. कटल्याचा जबडा वर वळलेला. तो वरच्या पाण्यातले सूक्ष्म जीव टिपतो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळाचं तोंड खाली झुकलेलं. सपाट गाळ आपल्याला ओसाड वाटतो, त्याचं जेवण तिथंच. मरळ काठच्या गवतात दबा धरून बसते. तिला वर येऊन हवेतला श्वास घेता येतो, म्हणून कोमट, कोंदट पाण्यातही ती टिकते. तिथं पिलांचा लालसर थवा दिसला, तर आईबाप खाली राखणीला असतात. तेवढी जागा सोडून द्यावी.

पाणवनस्पतींचं मात्र एक गणित आहे. दिवसा त्या पाण्यात प्राणवायू सोडतात, रात्री स्वतःच तो ओढून घेतात. त्यामुळे संध्याकाळी माशांनी गजबजलेलं दाट गवत पहाटे रिकामं सापडू शकतं. अशा वेळी गवताच्या कडेला, मोकळ्या पाण्यात गळ सोडावा.

उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. कुणी टरबूज लावतं, कुणी जनावरांसाठी मका. पहिल्या पुराचं पाणी त्या धसकटांवर चढतं, गांडुळं नि किडे वर येतात आणि मासे गुडघाभर पाण्यात चरायला येतात. याच जमिनीवर पुढे दुसरी पेरणी होते, मत्स्यबीजाची. रोहू-कटल्याला अंडी घालायला वाहतं, पुराचं पाणी लागतं. साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी अशा माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन घडवलं. तेव्हापासून तलावातला पुष्कळसा मासा कुणीतरी पेरलेला असतो. तलाव बहुधा मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असतो, म्हणून गळ काढण्याआधी परवानगी घ्यावी. दुसऱ्याच्या उभ्या पिकात आपण असेच शिरत नाही.

या शिवाराचा खरा नकाशा म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात असतो. कुणाची विहीर कुठं होती, गाडीवाट कुठून उतरायची, चिंच कोणत्या बांधावर होती, हे ते नुसत्या पाण्याकडे बोट करून सांगतात. ‘तिकडं नका टाकू, मामाची विहीर हाय, दोर अडकंल,’ असं एखादा सहज म्हणून जातो. त्या अडचणीच्या कडेलाच मासा असतो. काठावर असा जाणता भेटला तर मासे कुठं लागतात हे नंतर विचारावं; आधी विचारावं, इथं पूर्वी काय होतं.