विटांचा खेळ

आपला छंद आपणच निवडतो, असे पुष्कळांना वाटते. माझा छंद मात्र मुंबईहून आलेल्या एका पिशवीने निवडला. २००४ सालच्या गणपतीला काका गावी आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत पेढ्यांच्या पुड्याशेजारी तळहाताएवढे एक यंत्र होते. करड्या रंगाची लहानशी काच, खाली पाच-सहा बटणे आणि पाठीमागे दोन सेल. "अभ्यास झाल्यावर खेळायचे," असे बजावून काकांनी ते माझ्या हाती दिले. त्यांच्या वाक्याचा पूर्वार्ध मी त्याच रात्री विसरलो.

आमचे हिर्डोशी गाव भोरहून वरंध घाटाने महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. भोवती सह्याद्रीचे डोंगर आणि त्यांच्या उतारावर पायरीपायरीने उतरणारी भाताची खाचरे. पावसाळ्यात तेथे चार-चार दिवस सूर्याचे दर्शन होत नाही. शाळेतून आल्यावर ओसरीवर बसून पागोळ्या मोजणे, एवढीच काय ती माझी करमणूक. अशा मुलाच्या हाती ते यंत्र पडले, मग पागोळ्यांकडे कोण पाहणार!

खेळ मोठा साधा होता. काचेच्या माथ्यावरून विटांचे तुकडे एकामागून एक खाली येत. एखादा काठीसारखा सरळ, एखादा काटकोनात वळलेला, एखादा चौकोनी, तर एखादा नागमोडी. तळाला पोहोचण्यापूर्वी त्यांना फिरवून असे बसवायचे, की आडवी ओळ गच्च भरावी. ओळ भरली की ती नाहीशी होई. तुकडा चुकीचा बसला की मध्ये पोकळी राही आणि त्या पोकळीवर ढीग वाढत जाई. ढीग माथ्याला टेकला की खेळ खलास. शिवाय जो जो आपण टिकून राहू, तो तो विटांचा वेग वाढे. म्हणजे नीट खेळल्याचे बक्षीस म्हणून खेळ अधिक अवघड! त्या वेळी मला हा मोठाच अन्याय वाटे. पुढे सातवीतून आठवीत गेलो, तेव्हा हीच पद्धत शाळेतही आहे असे ध्यानात आले.

हा खेळ मूळ कोणाचा, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. १९८४ साली मॉस्को येथील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोव्ह नावाचे एक तरुण संशोधक काम करीत. लाकडी तुकडे पेटीत चपखल बसवण्याच्या कोड्यांची त्यांना आवड होती. तीच गंमत संगणकावर आणावी, असे त्यांच्या मनात आले. त्यांच्याजवळच्या यंत्राला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून त्यांनी नुसते कंस एकमेकांना जोडून विटा दाखवल्या. चार चौकोन जोडून होणारे सात आकार त्यांनी घेतले. ग्रीक भाषेत 'टेट्रा' म्हणजे चार. त्यावरून खेळाचे नाव 'टेट्रिस' पडले. काकांनी आणलेले यंत्र म्हणजे त्याचीच एक स्वस्त नक्कल.

छंद जडला तसे मला जिकडेतिकडे आकार दिसू लागले. चुलीशेजारी आजी सरपण रचू लागली, की कोणते लाकूड कोठे बसेल हे मी आधीच मनात ठरवून टाकी. एस.टी.त लोक पिशव्या ठेवू लागले, की मला त्या फिरवून बसवाव्याशा वाटत. डोळे मिटले तरी विटा पडतच असत. ही अवस्था जगभर इतक्यांची झाली आहे, की तिला 'टेट्रिस परिणाम' असे नावच मिळाले आहे.

पुढे २००५ सालचा जुलै महिना उजाडला. भाताची लावणी नुकतीच आटोपली होती. त्या महिन्याच्या २६ तारखेला मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि घाटाखालच्या महाड तालुक्यात दरडी कोसळून शेकडो माणसे गाडली गेली. तो पाऊस आमच्या डोंगरावरही कोसळत होता. दुपारी आबा, म्हणजे माझे आजोबा, मला म्हणाले, "पोरा, खालच्या खाचराचं तोंड मोकळं आहे का बघून ये. पाला अडकला असेल तर काढ." बांधात पाणी काढून देण्यासाठी जी वाट ठेवलेली असते, तिला ते तोंड म्हणत. मी "जातो" म्हणालो. हातात खेळ होता आणि पूर्वी कधी जमले नव्हते इतके गुण झाले होते. हा डाव संपला की निघू, असे मी ठरवले. डाव संपला, पण दुसरा सुरू झाला. मग घोंगडे पांघरून मी निघालो, तो वाटेतच मोठा आवाज झाला. खाचराची ताल, म्हणजे दगडी बांध, मधोमध फुटली होती. तांबडे पाणी खालच्या शेतात धो धो उतरत होते आणि आठ दिवसांपूर्वी लावलेली रोपे त्याबरोबर वाहत चालली होती.

मी वेळेवर गेलो असतो, तर बांध वाचला असता का? हे मला आजही सांगता येत नाही. रात्री जेवताना मी आबांना सारे खरे सांगितले. ते म्हणाले, "एवढ्या पावसात तू एकटा काय करणार होतास?" पण ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. ते रागावले असते, तर मला अधिक बरे वाटले असते.

पावसाचा जोर ओसरल्यावर आबा बांध रचायला बसले आणि मी त्यांच्या हाताखाली. तळाला सर्वांत मोठे दगड, तेही लांबी आत आणि तोंड बाहेर ठेवून. दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा दगड येई. सांध्यावर सांधा ते येऊ देत नसत. मधल्या फटींत बारीक कपच्या ठोकायच्या, आतल्या बाजूने माती दाबायची. चुना नाही, सिमेंट नाही. मी विचारले, "आबा, फटी पुऱ्या बुजवायच्या नाहीत?" ते म्हणाले, "पाण्याला बाहेर यायला वाट नको? वाट दिली नाही, तर ते बांधच घेऊन जातं."

मला सर्वांत नवल वाटले ते त्यांच्या हाताचे. एकदा उचललेला दगड ते सहसा परत टाकीत नसत. दोनदा फिरवून त्याची जागा शोधून काढीत. अगदी माझ्या खेळासारखे! दुपारी काटकोनात वळलेला एक दगड माझ्या हाती आला. मी तो उलटा करून कोपऱ्यात बसवला. तो चपखल बसला. आबांनी त्यावर हातोडीने दोन ठोके दिले, तो हलतो का ते पाहिले आणि काही न बोलता पुढचा दगड मागितला. माझ्या यंत्राने तोवर दिलेल्या कोणत्याही गुणांपेक्षा मला ते मोलाचे वाटले.

त्या संध्याकाळी आबांनी यंत्र मागून घेतले. बटणांशी त्यांची बोटे अडखळली, तरी कोणता तुकडा कोठे जाईल हे ते माझ्या आधी सांगत. एक ओळ भरली आणि नाहीशी झाली. आबा थांबले.

"भरलेली ओळ गेली कुठं?"

"जाते ती, आबा. गुण मिळतात."

"आणि चुकलेली?"

"ती राहते."

आबा काचेकडे पाहत राहिले. "नीट रचलेलं जातं अन् चुकलेलंच उरतं? आमच्या कामात उलटं असतं रे," ते म्हणाले. "अन् यात जिंकायचं कधी?" मी सांगितले की जिंकणे नाहीच, किती टिकलो, एवढेच मोजायचे. हे मात्र त्यांना पटले. "शेतासारखंच म्हणायचं," असे म्हणून त्यांनी यंत्र मला परत दिले.

टेट्रिसला शेवट नाही, ही समजूत जगातही पुष्कळ वर्षे होती. पण डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या १३ वर्षांच्या एका मुलाने १९८९ साली निघालेला टेट्रिसचा जुना खेळ अडतीस मिनिटे असा खेळला, की १५७ व्या पातळीवर ते यंत्रच थिजले. त्या खेळात माणसापुढे यंत्राने हात टेकल्याची ही पहिलीच वेळ. ती बातमी वाचली तेव्हा आबांना सांगावी असे फार वाटले. पण ते त्यापूर्वीच गेले होते.

त्या वर्षी वाहून गेलेल्या जागी शेजाऱ्यांकडे उरलेली रोपे आणून लावली. ती उशिरा लागली. अर्धे खाचर हाती लागले नाही. मी अजून विटांचा खेळ खेळतो, आता मोबाइलवर. गेल्या श्रावणात गावी गेलो होतो. भावाची मुलगी माझा मोबाइल घेऊन ओसरीवर बसली. ती खेळात दंग झालेली पाहून मीच घोंगडे घेतले आणि खालच्या खाचराकडे गेलो. तोंडाशी थोडा पाला अडकला होता, तो काढला. कोपऱ्यातला तो वळलेला दगड शेवाळाने हिरवा झाला आहे. त्याच्या बाजूच्या फटीतून पाणी बारीक धारेने बाहेर येत होते.